शून्य दिवसांची रजा

अंबरनाथच्या एमआयडीसीत रविवार शुक्रवारी असतो. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. पण गोष्ट खरी आहे. कधीकाळी विजेची टंचाई होती, सगळीकडचे कारखाने एकाच वारी बंद आणि बाकीचे दिवस सगळे एकदम चालू, हे झेपत नव्हतं. म्हणून वार वाटून दिले आणि या पट्ट्याच्या पदरात शुक्रवार पडला. पुढे टंचाई सरली म्हणे. शुक्रवार मात्र कुणी परत मागितला नाही आणि कुणी परत केलाही नाही.

शरदचंद्रांनी या शुक्रवारावर अख्खा संसार काढला होता. वय पंचावन्न, राहायला बदलापूर, नोकरी गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या एका मध्यम कारखान्यात. कागदावर त्यांचा हुद्दा चांगला लांबलचक होता, पण कारखान्यात सगळे त्यांना ‘सिस्टीमवाले सर’ म्हणत. कोण आला, कोण रजेवर गेला, कुणाची किती रजा शिल्लक आहे, हे ज्या कॉम्प्युटरमध्ये साठतं तो त्यांच्या ताब्यात होता.

त्यांच्या पत्नीने, नूतनने, लग्नानंतर दोन महिन्यांतच जाहीर करून टाकलं होतं की आपल्या घरी रविवार शुक्रवारीच. शुक्रवारी मासळी, शुक्रवारी दुपारची झोप, शुक्रवारी संध्याकाळी स्कूटरवरून बारवी धरणाच्या रस्त्याने चक्कर. मासळीला बुधवार, शुक्रवार, रविवार तिन्ही वार चालतात, त्यामुळे देवाचीही हरकत नव्हती. मुलगा अवधूत शाळेतून यायचा तो जिन्यातच वास घेऊन आज काय तळलंय ते सांगायचा. जगाचा रविवार कधी येतो आणि कधी जातो, याची त्या घराला पर्वा नव्हती.

नूतन गेली त्याला तीन वर्षं झाली आणि मग जगाचा रविवार शरदचंद्रांना दिसायला लागला. शुक्रवारी सकाळी त्यांची बिल्डिंग रिकामी व्हायची. उरायचे वॉचमन, तिसऱ्या मजल्यावरचे अंथरुणाला खिळलेले आजोबा आणि शरदचंद्र. कुरियरवाल्यांना हे बरोबर कळलं होतं. सगळ्या मजल्यांची पार्सलं ते शरदचंद्रांकडे टाकून जायचे. संध्याकाळी एकेक जण दारात येऊन आपापला खोका उचलायचा, “थँक्यू काका” म्हणायचा आणि जायचा. आत कुणी येत नसे. शरदचंद्र चहाचं आधण मात्र दर शुक्रवारी दोन कप जास्तच ठेवायचे आणि मग ते सगळं स्वतःच प्यायचे. ॲसिडिटी काय उगाच होते का?

अवधूत पुण्याला होता. चांगली नोकरी, शनिवार-रविवार सुट्टी, बायको अनुया, चार वर्षांची राजसी. शरदचंद्र कधी शुक्रवारी पुण्याला गेले, तर मुलगा आणि सून ऑफिसला, नात शाळेत, आणि हे बंद फ्लॅटमध्ये स्वयंपाकवाल्या बाईंशी बटाट्याच्या भावावर बोलत बसलेले. अवधूतने रविवारी इकडे यावं, तर शरदचंद्र कामावर. रजा काढून ते गेले नव्हते असं नाही. बारशाला गेले, वाढदिवसांना गेले, पण ते समारंभ होते, आणि समारंभात माणूस पाहुणाच असतो.

फोनवर अवधूत नेहमी म्हणायचा, “बाबा, तुमचा हा फ्रायडेच सगळा घोळ करतो. संडे असता ना, दर आठवड्याला न्यायला आलो असतो.”

हे वाक्य शरदचंद्रांनी जपून ठेवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं पार्सल गेलं की ते मनातल्या मनात काढायचं आणि बरं वाटून घ्यायचं. मुलगा वाईट नव्हता, सून वाईट नव्हती, वाईट होता तो फक्त वार. असं असलं की माणसाला झोप लागते.

मग ठाण्याच्या हेड ऑफिसने नवं सॉफ्टवेअर आणलं. कंपनीचे चार गावांत चार कारखाने, सगळ्यांची हजेरी आणि रजा आता एकाच डेटाबेसमध्ये जाणार होती. चालू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच एचआरच्या मालिनी मॅडम शरदचंद्रांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मालिनीबाई रागावल्या की हळू बोलायच्या, आणि त्या दिवशी अगदीच हळू बोलत होत्या.

“सर, धर्मेशने बहिणीच्या साखरपुड्याला गुरुवार ते शनिवार रजा टाकली. मधला फ्रायडे तर आपला ऑफच. दोन दिवस कटायला पाहिजेत, याने तीन काटले. आणि पॅकिंगच्या एका बाईने शनिवार ते सोमवार घेतली, तिचे दोनच काटले. धर्मेश माझ्या डोक्यावर येऊन बसलाय.”

शरदचंद्रांनी सॉफ्टवेअरच्या पोटात डोकावून पाहिलं. दोन तारखा दिल्या की मधले कामाचे दिवस मोजून देणारं एक फंक्शन तिथे होतं. सुबक, नीटस, दहाबारा ओळींचं. मधल्या प्रत्येक तारखेचा वार बघायचा, रविवार असेल तर सोडून द्यायचा, सणांच्या यादीत असेल तर सोडून द्यायचा, उरलेले मोजायचे. ज्याने लिहिलं त्याने उभ्या जन्मात रविवारखेरीज दुसरी सुट्टी पाहिली नसणार, हे त्या दहाबारा ओळींतूनही कळत होतं.

लिहिणारा होता प्रज्वल, हेड ऑफिसचा तरुण मॅनेजर. शरदचंद्रांनी फोन लावला.

“फ्रायडेला कोण सुट्टी देतं, सर?” प्रज्वल म्हणाला.

“आम्ही. आख्खं अंबरनाथ.”

“ठीक आहे, मग तुमच्या प्लांटसाठी संडेच्या जागी फ्रायडे टाकतो. एक नंबर बदलायचा.”

“तसं नाही जमणार,” शरदचंद्र म्हणाले. “आम्ही विसर्जनाच्या दिवशी, वार कुठलाही असो, बंद ठेवतो आणि त्याच्या बदल्यात एका शुक्रवारी काम करतो. होळीला तसंच. ते दरवर्षी युनियन आणि साहेब बसून ठरवतात. सुट्टी काही गणिताने येत नाही, माणसं बसून ठरवतात. कॅलेंडरचं वेगळं टेबल लागेल. वर्षातल्या प्रत्येक तारखेची एक ओळ, आणि समोर काम की सुट्टी.”

प्रज्वलला ते पटलं. पोरगा हुशार होता, फक्त ठाण्यात वाढला होता. “मग तुमचं टेबल तुम्हीच भरा, सर. मंगळवारपर्यंत द्या. आणि एक विचारायचं होतं. मशीनवाले लोक ठीक आहेत, पण तुमच्या ऑफिसच्या दहा-अकरा लोकांना फ्रायडे कशाला? इकडे सगळे संडेला घरी, तुम्ही कामावर, फ्रायडेला उलटं. वरच्यांचं म्हणणं आहे, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून ऑफिस संडेवर आणा. प्लांट संडेला चालू राहणार, म्हणून एक माणूस फक्त फ्रायडेवाला ठेवा. दोन कॅलेंडर करा, प्लांटचं आणि ऑफिसचं.”

शरदचंद्रांनी फोन ठेवला. बत्तीस वर्षांत जे मागायचं कधी सुचलं नव्हतं, ते न मागता पदरात पडलं होतं, आणि वर भरायचंही त्यांच्याच हाताने होतं.

मालिनीबाईंना बातमी दिली तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. त्यांचा धाकटा दहावीला होता. “त्या एका माणसासाठी चिठ्ठ्या टाकू,” त्या म्हणाल्या. “पण तुमची चिठ्ठी टाकायची नाही. तुम्ही सगळ्यांत सीनियर. आणि तुमचा मुलगा पुण्याला.” ऑफिसातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. शरदचंद्र नको-नको म्हणाले, पण ते नको-नको असं काही होतं की कुणीही त्यावर विश्वास ठेवला नाही.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी गंमत म्हणून एक क्वेरी लिहिली. पुढच्या महिन्याची एक तारीख, आणि निवृत्तीची तारीख, मध्ये रविवार किती? अडीचशेच्या वर आकडा आला. एवढे रविवार एकदम कुणाच्या नावावर झालेले त्यांनी पाहिले नव्हते. त्यांना हसू आलं आणि नूतनला सांगावंसं वाटलं.

गुरुवारी त्यांनी अवधूतला फोन केला.

“संडे?” अवधूत म्हणाला. “म्हणजे दर संडे?”

“दर रविवार. एक तारखेपासून.”

“अरे वा.” मग थोडा थांबून तो पुन्हा म्हणाला, “अरे वा, बाबा.”

“मी म्हटलं, एक तारखेपर्यंत कशाला थांबा. येत्या रविवारीच रजा टाकून येतो.”

“या ना,” अवधूत म्हणाला. “या. अनुयाला सांगतो.”

शरदचंद्रांनी नव्या सॉफ्टवेअरमध्ये रविवारची रजा टाकली. पडद्यावर उत्तर आलं, कामाचे दिवस शून्य. प्रज्वलचं जुनं फंक्शन अजून चालूच होतं, त्याच्या लेखी रविवारी रजा लागतच नव्हती. मालिनीबाई खूप हसल्या. “शून्य दिवसांची रजा मंजूर, सर,” त्या म्हणाल्या. शरदचंद्रांनी हाताने एक दिवस कापून घेतला. त्या बाबतीत ते कडक होते.

रविवारी पहाटेच निघून, कर्जतला गाडी बदलून, ते साडेनऊला पुण्यात मुलाच्या दारात होते. पिशवीत सुके बोंबील होते, कागदात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग पुन्हा कागदात गुंडाळलेले. बेल दोनदा वाजवावी लागली. अवधूत डोळे चोळत आला.

“एवढ्या लवकर, बाबा?”

जगाचा रविवार साडेनऊला झोपलेला असतो, हे शरदचंद्रांना माहीत नव्हतं. त्यांच्या घरी सुट्टीच्या दिवशी नूतन सकाळीच मासळीवालीला गाठायची.

राजसी उठून आली, त्यांना बघून दारातच थबकली आणि तिचा चेहरा पडला. “आज शुक्रवार आहे?” तिने आईला विचारलं. “आज शाळा आहे?”

सगळे हसले. शरदचंद्रही हसले. त्या लेकराचं काय चुकलं? बदलापूरचे आजोबा आले की तो शाळेचा दिवस, एवढं तिने स्वतःच्या डोक्याने मोजून ठेवलं होतं, आणि बरोबरच मोजलं होतं.

अकरा वाजता अनुयाचे आईवडील आले. ते कोथरूडला राहायचे आणि दर रविवारी यायचे. त्यांना बेल वाजवावी लागली नाही, त्यांच्याकडे किल्ली होती. अनुयाच्या वडिलांनी चपला काढल्या, न विचारता कपाटातून पेपरचा चष्मा घेतला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला निघाले. तिथे शरदचंद्र बसले होते. “बसा, बसा, शरदराव,” ते म्हणाले आणि सोफ्यावर टेकले. राजसी जाऊन त्यांच्या मांडीवर चढली. दोघांचं कसलंसं कोडं मागच्या रविवारी अर्धं राहिलं होतं, ते पुढे चालू झालं. शरदचंद्र उठले आणि म्हणाले, मला इथे वारा लागतोय, तुम्ही या. मग सगळं जागच्या जागी बसलं.

जेवायचं टेबल लहान होतं. अनुयाने शरदचंद्रांसाठी बेडरूममधलं स्टूल आणलं आणि दोनदा विचारलं, ठीक आहे ना, बाबा? पोरगी खरंच चांगली होती. तिने त्यांच्यासाठी मुद्दाम अळूवडी केली होती. बोंबलांची पुडी बघून अवधूतचे डोळे क्षणभर चमकले, पण अनुयाच्या आईला वास चालत नव्हता. पुडी बाल्कनीत गेली. जेवताना बोलणं चाललं होतं ते मागच्या रविवारच्या कुठल्याशा सहलीचं आणि पुढच्या रविवारी राजसीच्या स्केटिंगच्या स्पर्धेला कोण कुठल्या गाडीत बसणार त्याचं. गाडीत पाच जागा होत्या. हिशोब झाला आणि पाच माणसं भरली. मग अनुयाच्या लक्षात आलं, तिने शरदचंद्रांकडे पाहिलं आणि म्हणाली, “आपण दोन गाड्या काढू.”

“छे गं,” शरदचंद्र म्हणाले. “मला कुठे जमणार आहे पुढच्या रविवारी.”

कुणी वाईट वागलं नाही. ही गोष्ट सांगताना हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं, कारण ऐकणारा लगेच सुनेला नावं ठेवायला लागतो. त्या घरात रविवार होता, तो भरलेला होता, आणि तो भरताना त्यांची आठवण कुणाला झाली नाही, कारण त्यांचा वार शुक्रवार होता. घर भरताना माणूस घरातल्यांनाच धरून मोजतो.

चार वाजता अवधूत त्यांना गाडीने स्टेशनवर सोडायला आला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, “बाबा, ते संडेचं फायनल झालं का?”

“होत आलंय.”

“नाही म्हणजे, कंपन्यांचं काही खरं नसतं. आज म्हणतात, उद्या बदलतात.” सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, “पण सही वगैरे झाली का? फायनल?”

शरदचंद्रांनी त्याच्याकडे पाहिलं. अवधूत समोर रस्त्याकडे बघत होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी खोटं बोलताना व्हायच्या तशा नव्हेत. शाळेत कविता अर्ध्यावर विसरल्यावर सगळ्या वर्गासमोर उभं राहताना व्हायच्या, तशा. पोरगा घाबरला होता. आपण इतकी वर्षं जे म्हणत आलो ते आता कुणीतरी करायला सांगणार, दर आठवड्याला, आणि ते आपल्याच्याने होणार नाही, आणि ते होत नाही हे बाबांना दिसणार, याची त्याला भीती वाटत होती.

“नाही,” शरदचंद्र म्हणाले. “सही अजून नाही झाली.”

परतीच्या प्रवासात त्यांना मुलाचा राग आला नाही. राग आला असता तर सोपं गेलं असतं. त्यांना नुसतं एकटं वाटलं. शुक्रवारी रिकाम्या बिल्डिंगमध्ये वाटायचं त्याहून कितीतरी जास्त, कारण त्या एकटेपणाला निदान वाराचा आडोसा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खोटं नाही. त्यांच्या मुठीत एवढी वर्षं एक वाक्य होतं. खरं होतं की खोटं, हे बघायचीच वेळ कधी आली नव्हती, म्हणून ते टिकलं होतं. अवधूतने ते खोटं म्हणून म्हटलं नव्हतं. त्यालाही ते खरंच वाटत असणार. बापाला सगळ्यांत जास्त लागलं ते हेच, की पोराला स्वतःबद्दल वाटत असलेलं काहीतरी चांगलं आता आपल्यामुळे मोडणार.

सोमवारी सकाळी मालिनीबाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघालं अकाउंट्सच्या यशोधराचं. यशोधरा उल्हासनगरहून यायची. तिचा नवरा बँकेत होता, त्याला रविवारची सुट्टी, आणि गेले तीन दिवस ती पुढच्या महिन्यातल्या रविवारांबद्दल इतकं बोलत होती की सगळे कंटाळले होते. तिने आपला डबा उचलला, जो अजून उघडलाही नव्हता, आणि धुवायला घेऊन गेली.

“मालिनी मॅडम,” शरदचंद्र म्हणाले, “फ्रायडेवाला मी राहतो.”

“सर, असं नाही हं. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. आणि तुमचा मुलगा?”

“त्याला तसंही रविवारी फार कामं असतात. मला शुक्रवारची सवय आहे. या वयात वार बदलला तर पोट बिघडतं.”

मालिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑफिसात दिवसभर शरदचंद्रांच्या मोठेपणाची चर्चा चालू होती. दुसऱ्या दिवशी यशोधरा घरून डब्यात दाल-पकवान घेऊन आली, शेजारच्या सिंधी काकूंकडून मुद्दाम करवून घेतलेलं, आणि त्यांच्या पाया पडायला वाकली. शरदचंद्र घाईने मागे सरकले. न केलेल्या पुण्याचा नमस्कार घेणं फार अवघड असतं. त्यांनी पकवान खाल्लं, छान झालंय म्हणाले आणि दुसरं काही सांगितलं नाही.

दोन्ही कॅलेंडरं त्यांनी त्याच दिवशी भरून प्रज्वलला पाठवली. ऑफिसच्या सगळ्यांच्या नावापुढे ऑफिसचं कॅलेंडर आणि स्वतःच्या नावापुढे प्लांटचं. मग धर्मेशची रजा पुन्हा मोजून पाहिली. दोन दिवस आले. बरोबर.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी अवधूतला फोन लावला. रिंग वाजत असताना काय बोलायचं ते एकदा मनात घोळवून घेतलं, कारण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“अरे, ते नाही झालं,” ते म्हणाले. “शेवटी फ्रायडेच ठेवला माझा. एक माणूस लागतोच म्हणे, आणि दुसरं कुणी तयार होईना.”

“काय सांगता!” अवधूत म्हणाला. “असं कसं करतात हे लोक? तुम्ही भांडला नाहीत?”

“भांडलो. नाही ऐकलं.”

“तुम्ही ना बाबा, फार साधे आहात. तुम्हाला कुणीही गुंडाळतं.” आणि मग अवधूत बोलायला लागला. कंपनीला शिव्या देऊन झाल्या, मग स्वतःच्या बॉसला देऊन झाल्या. मग म्हणाला, ते बोंबील रात्री सगळे गेल्यावर भाजले, अनुयाने दारं-खिडक्या उघडी टाकली होती, पण आईसारखे नाही झाले, आई त्यात काय घालायची? शरदचंद्रांनी सांगितलं. त्याने पुन्हा नीट विचारून घेतलं. राजसी फोनवर आली, स्केट घातल्यावर कसं पडायचं ते तिने समजावून सांगितलं आणि गेली. अवधूत पुन्हा आला. त्याचा आवाज मोकळा झाला होता, घरी राहायचा तेव्हा असायचा तसा, आणि एवढा वेळ तो नूतन गेल्यापासून बापाशी बोलला नव्हता.

शरदचंद्र अंधारात खुर्चीत बसून ऐकत होते. दिवा लावायला उठलो तर बोलणं तुटेल, म्हणून ते उठले नाहीत.

“काळजी घ्या, बाबा,” शेवटी अवधूत म्हणाला. ते तो अगदी मनापासून म्हणाला होता, हे शरदचंद्रांना कळलं.